एमेटचा जुना दगड

प्रिय एमेट,

तुझ्या थडग्यावर आज नवा दगड बसला. नावाखाली आता 'अफगाणिस्तान' कोरलंय, आणि त्याखाली युद्धात जखमी झालेल्यांना देतात त्या पदकाचं नाव. तू होतास तेव्हा लष्कराच्या कागदांत यातलं काहीच नव्हतं, फक्त टेक्सासची प्रशिक्षण छावणी होती. तुझा भाऊ वेस भर जेवणात म्हणायचा, "आमचा एमेट युद्धाला निघाला खरा, पण टेक्सासच्या पुढे गेलाच नाही!" तू हसायचास. मला म्हणायचास, "राहू दे गं, मी कुठे होतो ते मला माहीत आहे."

तू गेल्यावर मी राहू दिलं नाही. तुझ्या तुकडीतल्या ओटिसने शपथेवर लिहून दिलं आणि नोंद दुरुस्त झाली. वेस आज टोपी काढून उभा होता. त्याला तसं बघून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

मग दगड बसवणाऱ्याने मोठा हातोडा काढला. "सरकारी दगड बदलला की जुना फोडावाच लागतो, बाई. नियम आहे."

त्याच दगडावर तुझ्या नावावरून बोट फिरवत आपली लेक नेल अक्षरं शिकली रे. ती मला बिलगली. "तो दगड खोटा होता का, आई?"

"खोटा नव्हता गं. अपुरा होता."

त्या माणसाला मी एवढंच म्हणाले, "नावाच्या बाजूने नका मारू."

त्याने दगड हलकेच पालथा केला.

अजून तुझीच,
डॉरीन