तिसऱ्या रविवारच्या आधी

छप्पर तू अर्धंच शाकारून गेलास, ते आता दुसरा माणूस पुरं करतोय.

आंब्रोआज,

तुझी बायको, जिलेत, नोएल लोहाराशी लग्न करतेय. कुणाची हरकत आहे का म्हणून चर्चमध्ये दोन रविवार त्यांची नावं वाचली. तिसऱ्यांदा वाचली की झालं. पण कातडी आणायला गेलेली तुझी होडी उलटली, तरी प्रेत कुणी पाहिलं नाही. म्हणून पाद्रीबाबा म्हणाले, "पेरीनबाई, मुलगा गेला असं आईनेच सगळ्यांसमोर सांगावं."

जिलेत म्हणाली, "सासूबाई, तुम्ही नको म्हणालात तर मी थांबते."

"थांबून हिवाळ्यात लाकडं कोण फोडेल? मी?"

"तुम्ही नुसत्या बोललात तरी फुटतील."

मला हसू आलं. आज मी उभी राहिले आणि तू मेलास असं सांगितलं. आवाज कापला नाही. घरी येऊन वाम माशांना मीठ चोळलं. नोएल तुझ्या जागेवर बसून जेवला.

तू आहेस तिथे होडी जात नाही. पत्र पिठाच्या पेटीत ठेवते.

तुझी आई, पेरीन

उत्तर तूच द्यायचं, आणि लिहून नाही. रविवारी नावं वाचतील तेव्हा दारात येऊन उभा राहा, आणि चारचौघांत मला खोटी पाड.