आधी आलेली ओळ

३ फेब्रुवारी

मोताळ्यात खोली घेतली. वडनेरहून भांडे, गादी आन राखीले घेऊन आली. राखी माझी लेक, बाळंतपणाले माहेरी आलेली. पहिलं पोटातच गेलं तिचं, म्हणून या टायमाले मी तिले नजरेआड करत नाही. खोली उजेडाची आहे, बाजार पायाजवळ. काम भेटलं ते बी खुर्चीवरचं, खताच्या दुकानावरच्या ऑफिसात. आजवर कापूस येचला, आता पंख्याखाली बसा. बरं वाटते. काम शिकवणारी सारिका मॅडम म्हणे रोज थोडं लिहीत जा, वाचाले नजर बसते. चौथी शिकलेली मी. लिहून पाहते.

५ फेब्रुवारी

काम समजलं. मोबाईलवर जाहिरात येते. माणसानं बोट लावलं का कंपनीच्या कॉम्प्युटरवर ओळ उमटते. जाहिरात पाह्यली, दाबली, वस्तू घेतली. कंपनीचा सारा भरोसा त्या ओळीवर. आपण मोबाईल दाबाचा आन ओळ खरंच येते का ते पाहाचं. बरोबर आली तर हिरवी खूण, न दाबता आली तर लाल. इतकंच. हे शिकवाले मॅडमले दोन दिवस काऊन लागले कोणास ठाऊक.

बाजूच्या खुर्चीवर शालूबाई बसते. बडबडी, पण मनाची साफ. तिनं हळूच सांगतलं का लाल जास्त झाली तर साऱ्या खोलीले काम फिरून करा लागते. म्हणून न दाबता ओळ आली तर आपणच पटकन दाबून द्याचं. मंग ओळ खरी होते, हिरवी मारता येते. साऱ्या बाया तेच करतात. मी बी केलं.

९ फेब्रुवारी

नवीन काम पोटुशी बायांच्या ॲपचं. सारिकानं विचारलं कोणाच्या घरी खरी पोटुशी आहे का. मीच हात वर केला. राखीचा मोबाईल जोडला. पोटात बाळ हाललं का राखीनं घरी बटन दाबाचं, इकडं माझ्यासमोर ओळ येते, बाळ हाललं. लेकीची खबर बसल्या जागी. शालूबाई म्हणे सिंधूबाई, नातू जन्माच्या आधीच हजेरी देऊन राह्यला, शाळेत काही दांड्या मारत नाही हा. सारी खोली हसली.

१२ फेब्रुवारी

ओळ आली, मी सहज राखीले फोन लावला. ती कपडे वाळू घालत होती. बटन दाबलंच नाही म्हणे. मी खेकसणार, तर म्हणे माय, थांब, आता हाललं. ओळ आधी, बाळ मागून. मशीनची गडबड असन. तिले बटन दाबाले लावलं, हिरवी मारली.

१३ फेब्रुवारी

आज बी तसंच. ओळ येते, मंग बाळ हालते. ओळ आली नाही तर हालत नाही. राखीले मजा वाटून राह्यली. मले नाही. सारिकाले सांगतलं. तिनं मान वर केली नाही. म्हणे ओळ आन काम जुळते ना, मंग तक्रार काहाची.

१६ फेब्रुवारी

आज दुसरी ओळ आली. नोंद बंद. कारण : गर्भ दगावला.

राखीले फोन केला. भाकरी थापून राह्यली होती, बाळ हालून राह्यलं म्हणे. आज काय दाबू, असं विचारलं. म्हटलं काही दाबू नको. कशालेच हात लावू नको.

लाल मारली.

१७ फेब्रुवारी

लाल ओळ तपासाले फिरून येते. आली. फिरून लाल मारली. दुपारी फिरून आली. सारिका चिडली. म्हणे एका ओळीसाठी खोलीचं काम अडवता का, निस्तरा. मी म्हटलं माझ्या लेकीचं पोट आहे ते, निस्तराची गोष्ट नाही. जोडणी तोड म्हटलं. ओळ हिरवी होऊन मोकळी झाल्याबिगर तुटत नाही म्हणे.

मोबाईल फोडावा वाटते. पण बाळ हाललं ही ओळ बी त्याच्यातच येते. फोडला आन तीच थांबली तर—

१८, सकाळ

राखीच्या हातून मोबाईल घेतला. रडली. नवऱ्याचा फोन येते म्हणे. येऊ दे.

घरी नको तो. चालूच नेऊन सारिकाच्या टेबलावर ठेवला. कोणी हात लावाचा नाही, दोनदा सांगतलं. आता राखीले बुलडाण्याले नेते. एसटी लागली—

१८, दवाखाना

डॉक्टरीणबाईनं पोटाले पट्टा बांधला. ठोके आहेत. मी बी ऐकले. धावत्या घोड्यासारखे. म्हटलं आज ठेवून घ्या, पट्टा सोडू नका. बाई हसली, पण ठेवलं.

राखी झोपली. मी दारात. इथपर्यंत ठोके येऊन राह्यले—

१८, फिरून

शालूबाईचा फोन. खुश होती. तुमची लाल ओळ माझ्याकडं आली म्हणे, सारिका बोंबलत होती, तुम्ही नव्हत्या, म्हणून मीच टेबलावरचा मोबाईल घेऊन दाबून दिलं. हिरवी मारली. आता लेकीकडं पाहा म्हणे, निवांत—

फोन तसाच ठेवून आत वळली.

आत नर्स पट्टा सरकवून राह्यली. खाली. बाजूले. फिरून खाली. डॉक्टरीणबाईले बोलावलं—

राखी उठली. विचारून राह्यली, माय, सारे चूप काऊन—

मी कान लावला. मशीनची खरखर आहे, नुसती खरखर, आन तिच्यात