आधी थंड होऊ द्या

पण डब्यावर तुमचं नाव मी टाकणार न्हाई, पप्पा. आईला सकाळी परत सांगितलं. ती म्हणे, "अगं, नवीन जालन्यात लोक अजून त्यांची बेकरी विचारतात, नाव असलं तर पुढच्या ऑर्डरी पटकन येतील." न्हाई आल्या तर न्हाई. बर्थडेच्या साठ कुकीज, माझी पहिली मोठी ऑर्डर हाय, ती माझ्याच नावानं जाणार.

तुम्ही विसरले असाल. मी सहावीत होते. दिवाळीचे दिवस, लोक घरून मैदा, तूप, साखर घेऊन आल्ते, तुमच्या भट्टीत नानकटाई भाजून घ्यायला. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. मी आपल्या घरच्या ट्रेमधल्या बारा नानकटाया घेते, पिठीसाखर दुधात कालवते, रंग टाकते, एकेकीवर फूल काढते. दोन मिनिटांत सगळी फुलं वितळून खाली. गुलाबी पाणी आणि त्यात भुगा. तुम्ही तो ट्रे उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा, मॅडमची इंग्लिश शाळा! फी भरून हे शिकून राह्यली." सगळे हसले. शहागडच्या एक काकू म्हणल्या, "लहान हाय हो, जाऊ द्या." तुम्ही म्हणले, "हिच्या हाताला वळणच न्हाई." आणि लगेच त्याच काकूंना, किती गोड आवाजात: "झाकण लावू नका बरं. आधी थंड होऊ द्या, न्हाई तर डब्याला घाम येतो."

तुम्ही गेले तेव्हा मी आठवीत होते. त्याच्यानंतरही कितीतरी वर्षं मी आयसिंगला हात लावला न्हाई, कारण माझ्या हाताला वळण न्हाई हे मला पक्कं माहीत होतं. मंग मागच्या वर्षी मोबाईलवर एका व्हिडिओत बघितलं. कुकी बिलकुल थंड पाहिजे. कडा बारीक चाळणीवर हलक्या घासायच्या, कोरड्या ब्रशनं भुगा झाडायचा, मंगच आयसिंग. बस, एवढंच होतं. आधी थंड होऊ द्या, त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येकाला तुम्ही हेच सांगून राह्यलते. मला सोडून. गडबडीत राहून गेलं असं म्हणू नका. तुम्हाला मजा आली, पप्पा. मी बघितलं.

आज साठच्या साठ कुकीज जाळीवर ठेवल्या. हाताचा उलटा भाग लावून एकेक बघत होते, तर आईनं मदत म्हणून एका गरम कुकीवर आयसिंग लावलं. ते घसरलं. मी केवढ्यानं ओरडले, "थंड होऊ दे म्हणलं ना! तुझ्या हाताला काही वळण हाय का न्हाई?" आईनं हात पुसले आणि म्हणली, "बराबर त्यांच्यासारखी बोललीस." आणि आत गेली.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाईच, मैद्याच्या डब्याखाली राहील. पण एक खरं सांगते. ओरडताना मला जरा बरं वाटलं. आता तुम्हीच सांगा पप्पा, ह्या डब्यावर कोणाचं नाव टाकू?