भिंतीवरचं अस्वल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर सध्या वाकत नाही, म्हणून तो कागदावरच घातला आहे. तू मला आडवा पडलेला समजून घे आणि उठ म्हण.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्या आधी तोच घरात शिरतो? गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं? तू येत्या पंधरा तारखेला येतेस आणि चांगली आठ दिवस राहणार आहेस, हे तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तो थोडा कमी झाला. का, ते सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. पण सुरुवातीपासून सांगावं लागेल आणि तुला माझी सुरुवात ठाऊक आहे.

तर, मायक्रोस्कोप दुरुस्त करण्याच्या आमच्या धंद्यात एक नियम आहे. दुरुस्त केलेलं यंत्र स्वतः त्यातून काहीतरी पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. आणि पाहायचं तेही रोज एकच, म्हणजे जरा कुठे धूसर दिसलं तर लगेच कळतं. माझ्या उस्तादांनी मला त्यासाठी कांद्याच्या पापुद्र्याची एक स्लाइड दिली होती. तीस वर्षं मी तो एकच पापुद्रा बघत आलो. त्यातला खिडकीच्या तावदानासारखा प्रत्येक चौकोन मला पाठ होता. (माणसाने तीस वर्षं कांदा पाहावा आणि एकदाही डोळ्यांत पाणी येऊ नये, हे आमच्याच धंद्यात होतं.) मागच्या महिन्यात माझ्याच कोपराखाली ती स्लाइड आली आणि कट्टकन फुटली. मुलींच्या शाळेची सहा यंत्रं टेबलावर तयार होती, आणि बघायला काही नाही. मग मी मागच्या दारी गेलो. पाण्याच्या टाकीचा पाइप जिथे थेंब थेंब गळतो, तिथली भिंत शेवाळाने हिरवी झाली आहे ना, तिथलं चिमूटभर शेवाळ बशीत भिजवलं, काचेवर पिळलं आणि यंत्राखाली धरलं. सकाळचे अकरा वाजले होते. एवढंच मला सांगता येतं, कारण त्यानंतर जेव्हा मी मान वर केली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि आमटी तीनदा गरम होऊन आटली होती.

ताई, तिथे जंगल आहे. म्हणजे आपण ज्याला हात लावून शी म्हणतो, त्याच्या आत पानंच पानं आहेत, काचेची केलेली वाटावीत अशी, आणि यंत्राच्या बुडाशी असलेल्या आरशावरून ऊन वर येतं तेव्हा सगळं आतून उजळतं. त्या पानांमधून एक अस्वल चाललं होतं. खोटं वाटेल. मलाही वाटलं, म्हणून मी आधी भिंग पुसलं, मग चष्मा, मग कपाळ. अस्वल चालतच होतं. आखूड, गुबगुबीत, आठ पाय, प्रत्येक पायाला नखं, आणि डोळे म्हणून दोन काळे ठिपके. अंगाने इतकं पारदर्शक की सकाळी काय खाल्लं तेही पोटात हिरवं दिसत होतं. (आपल्याकडे ही सोय असती तर तुझ्या लहानपणीच्या किती चोऱ्या उघडकीला आल्या असत्या.) मोहरीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे डोंगर. पण चाल बघशील तर, सुट्टीच्या दिवशी पोट भरून फिरायला निघालेल्या माणसाची. कुठे जायचंय असं काही नाही. एक पाय टाकावा, पान पकडावं, विचार करावा, सोडून द्यावं. मी त्याच्या मागे मागे स्क्रू फिरवत गेलो. मला वाटतं मीही जरा हळू चालायला लागलो आहे त्या दिवसापासून.

आणि एवढ्यावर थांबत नाही. टाकीचा पाइप चार दिवस गळायचा थांबला की भिंत वाळते, आणि मग हे महाराज पाय आत ओढून घेतात, अंगाची गोळी करतात आणि वाळून जातात. श्वास नाही, हालचाल नाही, काही म्हणता काही नाही. असं वर्षानुवर्षं पडून राहतात म्हणे. मग कधीतरी पाण्याचा एक थेंब पडतो. मी स्वतः टाकला, ड्रॉपरने. पाऊण तास काहीच झालं नाही. उन्हाचा कवडसा टेबलावरून खुर्चीवर गेला. मग गोळी थोडी फुगली, एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि झोपेतून उठून आळस द्यावा तसा देऊन ते चालायला लागलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. ताई, मी दुकानात एकटा होतो आणि मोठ्याने हसलो. कशाला ते मला माहीत नाही. आपण रोज त्या भिंतीकडे पाठ करून कपडे वाळत घालत होतो आणि आत हे चाललेलं होतं, याचा इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हेच कळेना.

आता तुझ्या भावजयीबद्दल. पहिल्याच दिवशी मी तिला हाका मारून बोलावलं, खुर्चीत बसवलं, म्हटलं, बघ. तिने डोळा लावला, थोडा वेळ बघितलं, हं म्हणाली आणि आत निघून गेली. हं! सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला आणलेल्या प्रत्येक साडीला तिने हाच अभिप्राय दिला आहे, तेव्हा मी मनावर घेतलं नाही. पण त्यानंतर ती माझ्याशी फार चांगली वागायला लागली आहे. सकाळी आपणहून दूध देते. मी काही बोललो तर वाद घालत नाही. परवा मी म्हटलं, आज दोन पिल्लं दिसली, तर म्हणाली, हो का, छान, तुम्ही जरा पडा बघू. डोकं दुखतं का, असं दिवसातून तीनदा विचारते. आणि इतकी चांगली वागत असताना तिने एकच हट्ट धरला आहे, की मागची भिंत खरवडून रंगवायची. ताई येणार आहेत, त्या मागच्या वेळी भिंतीला दाढी आली म्हणाल्या होत्या, हे तिचं कारण. (म्हणाली होतीस तू. मी ऐकलं होतं.)

दरम्यान शाळेच्या शास्त्राच्या बाई यंत्रं घ्यायला आल्या, म्हणजे भांडायलाच आल्या. सहा यंत्रं मी पंधरा दिवस अडकवून ठेवली होती आणि वहीत बिघाड या रकान्यात 'निरीक्षण चालू' असं लिहिलं होतं. प्रत्येक भिंगातून ते अस्वल थोडं वेगळं दिसतं, त्याला मी काय करू? बाई दारातूनच बोलत आत आल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, डोळा काचेला चिकटवू नका, बोटभर मागे ठेवा. त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. पुढचा दीड तास त्यांनी फक्त अगं, अगं, जाऊ नको, इकडे ये एवढंच म्हटलं, आणि ते मला उद्देशून नव्हतं. जाताना पाच यंत्रं घेऊन गेल्या, शास्त्रातही याला जलअस्वलच म्हणतात असं सांगून गेल्या, एक यंत्र मला ठेवायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गाला भिंतीपाशी घेऊन येते म्हणाल्या.

मग रंगारी आला. मी त्याला अडवलं नाही, हे लक्षात घे. फक्त म्हटलं, काम सुरू करण्याआधी एकदा बघून घ्या. त्यालाही बोटभर मागे बसवलं. मग म्हणाला, "साहेब, याला तर नखं आहेत." त्याने पुन्हा बघितलं. मग तो पायरीवर जाऊन बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत किती भिंती खरवडल्या असतील याचा हिशेब करत होता बिचारा. मी त्याला चहा दिला आणि सगळीच भिंत काही शेवाळाची नसते, असं सांगून धीर दिला. तो खरवडायचं पातं विसरून गेला, आणि तेच घात करणारं ठरलं. कारण ते आता तुझ्या भावजयीच्या ताब्यात आहे. रंगारी करत नसेल तर मी करते, म्हणाली, रविवारी सकाळी, ताई यायच्या आत. आज शुक्रवार. ती बोलते ते करते हे तुला माहीत आहेच. मला त्या भिंतीचं फार वाईट वाटतं, आणि तिने ती स्वतःच्या हाताने खरवडावी याचं त्याहून जास्त.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, आणि पंधरा तारखेची आम्ही दोघं अगदी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत आहोत.

तुझा,
धाकटा

ता. क. – पंधरा तारखेला येऊ नकोस. म्हणजे ये, पण तीन-चार महिन्यांनी ये. गुडघ्यांचं कारण सांग. हे पत्र आजच तुमच्या गावी निघालेल्या एका गिऱ्हाइकाच्या हाती देतो आहे, म्हणजे उद्याच फोन करून सांगितलंस तर रविवार टळेल. पत्राच्या सुरुवातीला गुडघ्यांची चौकशी मी त्याचसाठी केली होती, असं मात्र समजू नकोस.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं आहे. शुक्रवारची दुपार. आता खरी गोष्ट ऐक. मघाशी ती पातं धुवायला म्हणून मागच्या दारी निघाली, आणि माझा धीर सुटला. मी तिला विचारलं, तुला त्या अस्वलाचा एवढा राग का गं? तिने पातं खाली ठेवलं. म्हणाली, "अहो, तिथे काहीच नाहीये. मी बघितलं ना. नुसत्या काळ्या काड्या हलतात." ताई, त्या काड्या म्हणजे तिच्या स्वतःच्या पापण्या होत्या. नवीन माणूस डोळा काचेला चिकटवतो तेव्हा त्याला त्याच दिसतात. हे मी तीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो, रंगाऱ्यालाही सांगितलं, आणि तिला सांगितलं नाही, कारण मायक्रोस्कोपवाल्याची बायको आहे, तिला माहीत असणार असं धरून चाललो. तिला वाटलं की नवऱ्याला नाही ते दिसायला लागलं आहे आणि बाई, रंगारी सगळे त्याचं मन राखायला हो म्हणतात. महिनाभर ती हे उरात घेऊन वावरत होती. भिंतच गेली तर माझं डोकं ताळ्यावर येईल, असा तिचा हिशेब. तुलाही तिनेच बोलावलं ना? मला डॉक्टरकडे न्यायला? तू एका शब्दाने बोलली नाहीस, तूही धन्य.

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या कपाळाला हात लावून बोटभर मागे धरलं. ऊन चांगलं होतं. पहिल्यांदा काही नाही, मग तिचा श्वास थांबलेला मला हाताला कळला. हळूच म्हणाली, "अगं बाई, हे तर चालतंय." आणि त्यानंतर जी रडायला लागली ती अजून थांबली नाही.

ता. क. ३ – गुडघ्यांचं वगैरे विसर. पंधराची वाट बघू नकोस, उद्याच ये. तिला सांग, की तिने केलं ते बरोबर केलं, भाऊजींना अशी अस्वलं दिसायला लागली असती तर तूही हेच केलं असतंस. मी सांगून पाहिलं. पण मी सांगायला गेलो की ती पुन्हा रडते, यंत्रापासून उठायला तयार नाही, आणि काच पुसून पुसून माझा रुमाल ओला झाला आहे.