जागल तुमची, बाई

१२ जानेवारी २०२५
वही, माफ कर. साताऱ्याहून निघताना तुला पेटीच्या तळाशी टाकलं, ते आज महिन्यानं बाहेर काढते आहे. पण जतजवळच्या या धनगरवस्तीवर मला खरंच बरं वाटतंय. समाजमंदिरामागची खोली, खिडकीतून डाळिंबाची बाग, सकाळचं ऊन थेट अंथरुणावर. झोप अशी लागते की कूस बदलल्याचंही आठवत नाही.

इथल्या म्हाताऱ्यांना मात्र झोप येत नाही. मेंढरं विकून वर्षं झाली, तरी डोळे मिटत नाहीत. आमच्या संस्थेचा प्रयोग सरळ आहे: रोज संध्याकाळी मी स्वतः एकेकाला गोळी द्यायची, आणि तिच्यात औषध नाही हे आधीच सांगायचं. फसवणूक नाही, म्हणूनच हे काम घेतलं. आज सुरुवात केली. त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरल्या हरणाबाई हसल्या. “औषध न्हाई तर न्हाई. देणारं माणूस तर हाय की!” मग हातातली काठी माझ्याकडे देऊन म्हणाल्या, “आता जागल तुमची, बाई. व्हय म्हणा.” मी हो म्हणाले. आदराची रीत असावी.

१९ जानेवारी
सगळे झोपू लागलेत! हरणाबाईंना त्यांचे दीर बिरदेव चिडवत होते, “आवं वैनी, लय घोरता. कुत्री पळाली वस्तीवरची!” नोंदी करताना आनंद झाला, मग शंका आली. मला खूश करायला तर सांगत नसतील?
माझीच झोप उडाली आहे. जागा बदलल्यामुळे म्हणावं, तर जागा बदलून महिना झाला.

२४ जानेवारी
जागल म्हणजे काय, ते बिरदेवांना विचारलं. रानात मेंढरं बसवली की एकानं जागायचं, तेव्हा बाकीच्यांनी झोपायचं. काठी ज्याच्या हाती, जागल त्याची. दुसऱ्यानं हो म्हणून काठी घेतल्याशिवाय ती सुटत नाही. पोरं कारखान्यावर गेली, काठी घ्यायला कुणी उरलं नाही, ती हरणाबाईंकडेच राहिली. थकलेल्या हरणाबाईंवर भरवसा नव्हता, म्हणून सगळेच जागे.
लांडग्यासाठी का, असं मी विचारलं. लांडगा परवडला, म्हणाले. जागणाऱ्याचा डोळा लागला, की ‘ते’ येतं – नाव घेतलं नाही – आणि झोपलेल्यांतलं एक माणूस नेतं. मी त्यांना समजावलं, की विश्वासानं झोप येते तशीच विश्वासानं जातेही. माझं तेच झालंय. त्यांनी मान हलवली, चहा पुढे केला.
“व्हय. पर झोपू नका.”

२८ जानेवारी
काठी परत द्यायला गेले. हरणाबाईंनी हात पदराआड घेतले.
रात्री खिडकीबाहेर ओल्या लोकरीचा वास. वस्तीवर एक मेंढरू नाही. आणि श्वास – संथ, घाई नसलेला.

३१ जानेवारी
पहाटे डोळा लागला. जरासाच –
हरणाबाई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं. तसंच असेल. तसंच आहे.
पण ती झोप किती गोड होती, हे मी का लिहिते आहे?
संध्याकाळी बिरदेवांनी गोळीसाठी हात तेवढा पुढे केला.

२ फेब्रुवारी
गोळ्या बंद केल्या. तरी झोपतात. सगळे.
काठी बांधावर टाकून आले. सकाळी उशाशी. मीच आणली असेन – आठवत नाही –
वास आता खोलीत. खाटेखाली. साताऱ्याला निघून जावं, तर हे झोपलेले –

४ फेब्रुवारी
संस्थेचा फोन. उद्या सांगलीहून अंकिता येते आहे, माझ्या मदतीला. कॉलेज नुकतंच संपलंय. फोनवर हसत होती, मॅडम, तुमच्यासाठी काय आणू?
तिला आधी सगळं सांगायला हवं. सांगितलं तर हो म्हणणार नाही. न सांगता मी आजवर कधी कुणाला –
ते ऐकतंय.
उद्याचं काम एकच: एसटीतून उतरली की तिची बॅग आपण घ्यायची, आणि ‘ही काठी जरा धरतेस का’ असं –