बाहेरच्या खोलीची यादी

३ तारीख

चि. घुम्या यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुला एक आजी आहे. उंचीने बुटकी, तोंडाने फटकळ, समुद्राकडच्या गल्लीत राहते. आठवली का? फोनवर सांगितलेलं तू ‘हो हो’ म्हणत विसरतोस, म्हणून हे लिहवून घेते आहे. लिहितायत वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. तेव्हा टपालाच्या नावाने खडे फोडू नकोस.

आठवड्याभरात वादळ येणार म्हणतात. म्हणून तू काढून दिलेला घराच्या विम्याचा कागद पेटीतून काढला आणि बाईंना वाचायला लावला. बाहेरच्या खोलीत काय काय लिहिलंयस? सोफा, रेडिओ, आजोबांची आरामखुर्ची, काचेचं कपाट! अरे, सोफा वाळवीने खाल्ला. खुर्ची तुझ्या आत्याने नेली. त्या खोलीत आता माझी तीन मशिनं आहेत, दोन शिलाईची आणि एक ओव्हरलॉक. अर्ध्या गावाचे शाळेचे गणवेश त्यांच्यावर शिवते, त्यावरच माझं पोट. कागदावर त्यांचा पत्ताच नाही! घरात पाणी शिरलं तर कंपनी माझ्या नसलेल्या सोफ्याची काळजी करणार, आणि मी हात चोळत बसणार? तुझ्यावर विश्वास ठेवून अंगठा उठवला मी. सहा वर्षांत एकदा उंबरा ओलांडला असतास तर (पुढची दोन वाक्यं मी गाळली आहेत. – मास्तरीणबाई)

काय करायचं ते लगेच कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
आजी


४ तारीख

ती. आजीस सा. न. वि. वि.

चूक माझीच. इथे एजंट समोर बसून घाई करत होता. मी डोळे मिटले, मनातल्या मनात घरभर फिरलो आणि दिसलं ते लिहिलं. मला खरंच सोफा दिसला गं.

कंपनीत विचारलं. वादळाचा सरकारी इशारा लागला की विम्यात काहीच बदलून देत नाहीत. त्याआधी तिथल्या शाखेत दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, मशिनं धंद्याची आहेत असं स्पष्ट लिहायचं आणि प्रत्येकाचा नंबर दिसेल असा फोटो जोडायचा. अर्ज भरून सोबत पाठवतोय, नंबर तेवढे बाईंना लिहायला सांग. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. मी आलो असतो, पण इस्पितळाने आम्हा सगळ्या नर्सांच्या सुट्ट्या बंद केल्यात.

मास्तरीणबाईंना नमस्कार. गाळलेली वाक्यं कळली.

तुझा,
घुम्या


६ तारीख

चि. घुम्या यास आशीर्वाद, मोजके.

तुझ्या कंपनीची तऱ्हा ऐक. फोटोवाल्याने काल फोटो काढले. आज खिडकीवरचा कारकून म्हणतो, नंबर पुसट दिसतात, उद्या नीट काढून आणा. उद्या! इशारा आज लागणार हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. मी बरं म्हटलं, घरी आले, हमालाला बोलावलं आणि दोन्ही शिलाई मशिनं हातगाडीवर घालून त्या कारकुनाच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, मला अक्षर येत नाही, तुम्हाला येतं ना? मग चष्मा पुसा आणि वाचा. रांगेतली माणसं हसायला लागली. मुकाट्याने उतरवून घेतले नंबर.

ओव्हरलॉक टेबलाला पक्की ठोकलेली, ती हलेना. तिला बघायला तुम्हीच चला, म्हटलं. नियमात बसत नाही म्हणाला. नसलेला सोफा बरा बसला नियमात, असं मी विचारल्यावर उठला. जेवणाचा डबा तसाच टाकून आला बिचारा. वाकून नंबर वाचला, खोलीभर नजर फिरवली, मागल्या वेळी पाणी कुठवर आलं होतं तेही विचारलं. दोन वाजता शिक्का बसला, साडेतीनला इशारा लागला. हलणारी मशिनं आता बाईंकडे वर आहेत. ओव्हरलॉक खालीच, पण कागदावर आहे.

एवढं झालं तरी माझा राग गेलेला नाही. परका माणूस माझ्या खोलीत येऊन बघून गेला, आणि तुझ्या डोळ्यांपुढे अजून सोफाच.

वादळाआधी निघू नकोस, तिथे आजाऱ्यांना सांभाळ. ओसरलं की मात्र खजूर आणि भाजलेले शेंगदाणे हवेत. खारे नकोत. ड्रायव्हरकडे देऊ नकोस, वाटेत निम्मे खातो. स्वतः घेऊन ये.

आजी