शेपटाकडून कापायचं

अण्णा, तुमचा हिरव्या तोंडाचा पोलादी बार गेल्या आठवड्यात संपला. तुम्ही गेल्यापासून इथं पुष्कळ काही झालं. वर्कशॉपच्या शेडवर नवा पत्रा पडला, कोळशाची भट्टी जाऊन विजेची आली, आई जुळे सोलापुरात माझ्याकडे राहायला आली आणि आमच्या लिफ्टला अजून नावं ठेवते. त्यातलं काही तुम्हाला कळवावं असं कधी वाटलं नाही. बार संपला आणि मी कागद घेऊन बसले.

तोंड आणि शेपूट हे शब्द मी दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ऐकले नाहीत. लोखंड दिसायला सगळं सारखंच, थोडा गंज चढला की साधं कुठलं आणि भारीतलं कुठलं ते देवालाही सांगता येऊ नये. म्हणून बार आला की एका टोकाला रंग लावायचा, साध्या लोखंडाला निळा, शाफ्टच्या पोलादाला पिवळा. रंगाचं टोक म्हणजे तोंड, दुसरं ते शेपूट, आणि कापायचं ते नेहमी शेपटाकडून. म्हणजे शेवटचा वीतभर तुकडा उरला तरी आपण कोण हे तो सांगू शकतो. मी पॉलिटेक्निकला होते, सुट्टीत तुमच्यावर छाप पाडायला आले होते, आणि जे टोक जवळ होतं त्यालाच करवत लावली. पिवळं तोंड खाली पडलं. तुम्ही आला, बघितलं, आणि ओरडला नाहीत. स्टूल आणलंत, मला त्या बिनतोंडाच्या बारशेजारी बसवलंत आणि म्हणालात, "आता विचार त्याला, बाबा तू कुणाचा?"

दिवसभर मी तिथं बसलेली. जो येईल त्याला तुम्ही सांगताय की आमची पोर लोखंडाशी बोलतीय, उत्तर आलं की कळवू. चहावाल्यानंसुद्धा जाता-येता चौकशी केली. मला रडू येतंय आणि हसूही येतंय, आणि तुम्ही लेथच्या आवाजात शांतपणे तुमचं काम करताय. संध्याकाळी तुम्हीच डबा उघडून त्या टोकाला पिवळा रंग लावलात, तोही बोटानं, कारण ब्रश शोधायला तुम्हाला कधी वेळ नसायचा. बार कुठला ते तुम्हाला ठाऊकच होतं. तेव्हापासून घरात भाजी चिरायला घेतली तरी माझी सुरी आधी शेपूट शोधते.

लोखंडाची नुसती कातडी कडक करायच्या आपल्या कामाबद्दल कुणाला सांगितलं की लोक लगेच म्हणतात, अगदी तुमच्या वडिलांसारखं की, वरून कठीण आणि आतून मऊ. मला या वाक्याचा आता राग येतो. तुम्ही नेमके उलटे होता. वरून इतके मऊ की फेरीवालासुद्धा तुम्हाला गुंडाळून जायचा, आणि आत असं काही होतं की एकदा नाही म्हणालात की आईचे आठ दिवसांचे टोमणेही वाया. पिनियन, म्हणजे गिअरमधलं छोटं दातेरी चाक, म्हणून तुम्ही अजिबात चालला नसता, चार फेऱ्यांत दाते झिजले असते. हे तुम्हाला तोंडावर म्हणाले असते तर तुम्ही सगळ्यात मोठ्यांदा हसला असता.

खरं तर ते काम मला कॉलेजमध्ये कळलंच नव्हतं, ते कळलं आपल्या स्वयंपाकघरात. तुमच्याकडे त्याला 'केस करणे' म्हणत. शेजारच्या काकूंची कितीतरी दिवस समजूत होती की तुम्ही रोज कुणावर तरी खटला भरता. आई भाकऱ्या करतीय, आणि तुम्ही डब्यातली कडक भाकरी काढून माझ्या हातात देता. वाकव म्हणता. ती ताडकन मोडते. आतपर्यंत कडक केलेलं पोलाद असं असतं, तुम्ही म्हणता, झिजणार नाही, पण धक्का बसला की गेलं. मग तव्यावरची ताजी भाकरी घेता, बोटं भाजतायत, पण तिचा पापुद्रा दाखवता. वर कडक, आत मऊ, वाकते पण मोडत नाही. लोखंडाचा भाग कोळशाच्या पेटीत बंद करून तासन्‌तास लाल ठेवला की कोळशातला कार्बन कातडीत शिरतो, मग तेलात बुडवला की तेवढी कातडीच कठीण होते. मी विचारते, मग साध्या लोखंडालाच करावं की, ते तर स्वस्त. तुम्ही खूश होता, कारण हाच प्रश्न तुम्हाला हवा होता. साध्या लोखंडाचा गाभा फार मऊ, तुम्ही म्हणता, गादीवर काच ठेवून वर उभं राहिल्यासारखं होतं. हलक्या कामाला चालतं. ट्रकच्या मागच्या पिनियनला, कारखान्याच्या गिअरबॉक्सला गाभाही चिवट लागतो, आणि तो चिवटपणा निकेल-क्रोमच्या मिश्र पोलादात असतो. जाड भाग असला तरी तेलात नीट पाणी चढतं, म्हणजे कडकपणा येतो, वाकडा होत नाही, तडकत नाही. तोवर आईनं तुमच्या हातातली भाकरी काढून घेतलेली असते. अन्नाशी खेळ नको म्हणते, आणि तीच भाकरी माझ्या ताटात वाढते.

मी डिप्लोमा पास झाले तेव्हा मामानं साडी दिली, आत्यानं घड्याळ दिलं, आणि तुम्ही टेम्पोतून तो बार उतरवून घेतलात. निकेल-क्रोमचा, माझ्या दंडापेक्षा जाड, आपल्या शेडमधला त्या जातीचा पहिला. आई कपाळाला हात लावून उभी. तुम्ही म्हणालात, "हा तुझा. रंग तू सांग." खिडक्या रंगवून उरलेला हिरवा डबा समोर होता, म्हणून मी हिरवा म्हणाले. तुम्ही बोट बुडवून तोंडावर गोल गोल फिरवलंत आणि उरलेला रंग माझ्या नाकाला लावलात. असलं बक्षीस कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही. मला फार, फार आवडलं होतं, अण्णा. तेव्हा मी नाक पुसत नुसतीच चिडले.

तुम्ही गेल्यावर मी त्या बारचे तुकडे घेत गेले, शेपटाकडूनच. हातभर उरला तेव्हा थांबले. नवे बार आले, त्यांची तोंडं मी हिरवी केली, पण तुमच्या बोटाचा तो तुकडा बार ठेवायच्या घोडीवर मागं सरकवून ठेवला. त्याच्यावरच्या गोल रेघा स्पष्ट दिसायच्या. कुणी हात लावला तर मी अशी बघायचे की पुन्हा लावत नसे.

गेल्या आठवड्यात एका साखर कारखान्याचे इंजिनिअर आले. ऊस वर चढवणाऱ्या साखळीच्या पिनियनचे दाते उडाले होते. मोडलेला तुकडा बघितला तर आतपर्यंत कडक, अगदी डब्यातली भाकरी. गाळप थांबलेलं, बाहेर गाड्यांवर ऊस वाळत होता. माझ्याकडे या जातीचा माल संपलेला, आणि पुण्याहून यायला चार-पाच दिवस लागणार होते. मागच्या घोडीवरचा तुकडा मापात बसत होता, जेमतेम. मी त्यांना बघते म्हणाले आणि घरी जेवायला आले. आईला सांगितलं. ती ताक घुसळत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "तेनी काय शोकेसमदी ठेवायला आनला व्हता व्हय गं?"

तर काढला. मैंदर्गीचे आपले मिस्त्री अजून आहेत, तुमच्या हाताखालचे, त्यांनीच तो लेथला चढवला. लांबीत जराही वाव नव्हता, त्यामुळे तोंडाकडची बाजू घासावी लागली नाही. हिरव्या चकतीच्या मधोमध लेथवर धरण्यापुरतं सेंटरचं एक भोक पडलं तेवढंच. दाते पाडून झाले, पेटीत कोळसा भरला. जिथं कार्बन शिरायला नको तिथं माती लिंपायची, हे तर तुम्हीच शिकवलेलं, आटे असतील तिथं, नंतर भोक पाडायचं असेल तिथं. या पिनियनला तसं काहीच नव्हतं. मी माती कालवली आणि त्या हिरव्या तोंडावर लिंपायला लागले.

मिस्त्री बघत होते. "ताई, हितं माती कशाला? हितं आटे न्हाईत, काय न्हाई."

मी म्हणाले, ड्रॉइंगमध्ये आहे. ड्रॉइंग त्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. त्यांनी तिकडं मान वळवली नाही. "मग जरा जाड लावा की," म्हणाले, आणि पेटीचं झाकण आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी तेलातून काढून, पुन्हा मंद तापवून झाल्यावर पिनियन पुसलं. कारखाना आता चालू आहे, काल इंजिनिअरांचा फोन आला, आवाजसुद्धा करत नाही म्हणाले. नवा माल आलाय, त्याची तोंडं मी बोटानंच रंगवली.

हे पत्र कुठं पाठवणार, घडी करून रंगाच्या डब्यांमागं ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. मी डिप्लोमा झालेली बाई, भट्टी लाल व्हायच्या कितीतरी आधी रंग जळून जातो हे माती लिंपतानाही मला माहीत होतं. तो गेलाच, रेघांसकट. पण पिनियन देण्याआधी मी सगळीकडे कानस लावून बघितली, कडक कातडीवर ती घसरते. दात्यांवर ती घसरली, कडांवर घसरली. तुमच्या बोटाच्या जागी लावली तर तिनं धरलं.